मूळ प्रत एक, संगणक अनेक

पूर्वी एका कचेरीत टंकलेखनाचे यंत्र एक असे आणि त्यावर बसणारी माणसे चार असत. आता काळ उलटा आला आहे. माणूस एक आणि त्याचे संगणक तीन! नगरच्या दिल्लीगेटजवळ मजकुराची जुळणी करून देणारा एखादा व्यावसायिक डोळ्यांसमोर आणा. दुकानात एक संगणक, सावेडीच्या घरी रात्रीच्या कामासाठी दुसरा, आणि शेवगाव-पाथर्डीकडे गिऱ्हाइकाच्या दारी जाताना पिशवीत घालून न्यायचा लॅपटॉप हा तिसरा. शिक्षकाचे, वकिलाचे, पतसंस्थेच्या हिशेबनिसाचे किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याचेही थोड्याफार फरकाने हेच आहे.

काम तेच, हात तोच. पण तिन्ही संगणक मात्र तीन तऱ्हांनी वागतात. एकावर मराठी कळफलक बोटाला हवा तसा लागतो, दुसऱ्यावर तो शोधावा लागतो. एकावर 'नेवासे' हा शब्द बरोबर ठरतो, दुसऱ्यावर त्याखाली तांबडी रेघ उमटते. सवय एका यंत्राची आणि काम दुसऱ्या यंत्रावर, म्हणजे पावलोपावली ठेच.

एक साधे उदाहरण घेऊ. 2024 साली आपल्या जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. समजा, आपल्या या व्यावसायिकाने दुकानातल्या संगणकावर पत्राचा मथळा, पाकिटावरचा पत्ता आणि ई-मेलच्या शेवटी येणारी सही लगेच बदलली. घरच्या संगणकावर पंधरा दिवसांनी बदलली. लॅपटॉपवर राहूनच गेलं. मग एकाच आठवड्यात एकाच गिऱ्हाइकाच्या हाती दोन निरनिराळ्या पत्त्यांची देयके पडली, तर त्यात नवल ते काय? आणि समजा, वळवाच्या पावसात वीज पडून दुकानातला संगणकच जळाला. लोकांचे मजकूर दुसरीकडे ठेवलेले असले तरी पाच वर्षांत हळूहळू बसवलेली त्याची स्वतःची घडी गेली ती गेलीच. नवे यंत्र पैसे टाकले की मिळते. पण त्यावर पुन्हा हात बसेपर्यंत महिना जातो. लग्नसराईच्या ऐन हंगामात हा महिना कोणाला परवडणार?

ही घडी राखण्याचा एक चांगला मार्ग आहे. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी काढला, परंतु तो समजायला प्रोग्रॅमर असावे लागत नाही.

सेटिंग राहते कोठे?

आपण ज्याला सेटिंग म्हणतो ते काही हवेत नसते. बहुतेक वेळा ते एका लहानशा फायलीत असते, आणि पुष्कळदा ती फाइल साध्या अक्षरांत, वाचता येईल अशी असते. लिनक्समध्ये अशा फायली आपल्या स्वतःच्या फोल्डरात असतात आणि त्यांच्या नावाचा आरंभ एका टिंबाने होतो. म्हणून त्यांना 'डॉटफाइल' म्हणतात. विंडोजमध्ये त्यांतल्या बऱ्याचशा 'ॲपडेटा' नावाच्या फोल्डरात असतात. दोन्हीकडे त्या एरवी डोळ्यांना दिसत नाहीत.

त्या का दिसत नाहीत, याची हकीकत मोठी मजेची आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1969 पासून युनिक्स ही प्रणाली आकाराला येत होती. तीत प्रत्येक फोल्डरात दोन खास नोंदी ठेवल्या होत्या: एक टिंब म्हणजे 'हेच फोल्डर' आणि दोन टिंबे म्हणजे 'याच्या वरचे फोल्डर'. फायलींची यादी दाखवताना या दोन नोंदी मध्येच येऊ लागल्या. तेव्हा केन थॉम्पसन किंवा डेनिस रिची यांच्यापैकी कोणीतरी यादीच्या प्रोग्रॅमात एक तपासणी घातली: नावाचे पहिले अक्षर टिंब असेल तर ती नोंद गाळा. लपवायच्या होत्या दोन नोंदी. पण टिंबाने सुरू होणारी प्रत्येकच फाइल लपू लागली! पुढे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आपापल्या सेटिंगच्या फायली या आडोशाला ठेवायला सुरुवात केली. बेल प्रयोगशाळेतच काम केलेले रॉब पाइक यांनी 2012 साली ही हकीकत लिहिली आणि हा काही विचारपूर्वक केलेला बेत नव्हता, असे स्पष्ट सांगितले.

यांतल्या पुष्कळ फायलींच्या नावाच्या शेवटी 'आरसी' ही अक्षरे दिसतात. ती 'रनकॉम' या शब्दावरून आली. एमआयटी या संस्थेत 1960 नंतरच्या दशकात सीटीएसएस नावाची प्रणाली चालत असे. तीत लुई पुझँ यांनी रनकॉम नावाची सोय केली होती. एका फायलीत ओळीने लिहून ठेवलेल्या आज्ञा यंत्राने एकामागून एक पाळायच्या, एवढाच तिचा अर्थ. आज आपण 'स्क्रिप्ट' म्हणतो ती हीच गोष्ट.

प्रती फुटतात त्या अशा

आता कोणी म्हणेल, यात अवघड काय आहे? फायली पेनड्राइव्हवर घ्याव्यात आणि दुसऱ्या संगणकावर उतरवाव्यात. पहिल्या दिवशी हे ठीक चालते. दुसऱ्या आठवड्यात दुकानात एक ओळ बदलली जाते, घरी दुसरीच ओळ बदलली जाते. महिन्याने तीन ठिकाणी तीन प्रती होतात आणि त्यांतली एकही पुरी नसते. तारीख पाहून नवी कोणती ते ठरवावे म्हटले, तर नक्कल करताना तारीखही पुष्कळदा बदलते. शिवाय जी फाइल शेवटी बदलली तीच पुरती बरोबर, असे थोडेच आहे?

हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. जिला टेकून ज्ञानदेव बसले असे परंपरा मानते ती पैस खांबाची जागा आजही तेथे आहे. पुढची जवळजवळ तीन शतके तो ग्रंथ हातांनी उतरवला गेला. नक्कल करणाऱ्याचा डोळा चुके, एखादी ओवी गळे. कोणाला आपल्याकडून भर घालावीशी वाटे. गावोगावच्या पोथ्या एकमेकींशी जुळेनाशा झाल्या. शेवटी पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके 1506, म्हणजे 1584 साली, पाठ ताडून पाहून ग्रंथ शुद्ध केला आणि यात कोणी पदरची ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. ज्ञानेश्वरी कोठे आणि आपली सेटिंगची फाइल कोठे! बरोबरी मुळीच करायची नाही. परंतु नकला फुटण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे, आणि उपायाचे मर्मही एकच: मूळ प्रत एक ठरवावी, आणि बदल करायचा तो तिच्यातच करावा.

एक कोठार आणि पाट्या

तेव्हा पहिले काम असे की, जपायच्या सगळ्या फायली एका फोल्डरात आणाव्यात. या फोल्डराला आपण 'कोठार' म्हणू.

पण प्रोग्रॅम तर आपली फाइल जुन्याच जागी शोधणार. त्याला कोठाराचा पत्ता कोण सांगणार? त्यासाठी जुन्या जागी एक पाटी लावायची. दुकान हलवले की जुन्या दारावर 'आम्ही अमुक ठिकाणी गेलो आहोत' अशी पाटी लावतात ना, तशीच ही. संगणकाच्या भाषेत तिला 'सिम्बॉलिक लिंक' म्हणतात. युनिक्सच्या बर्कली शाखेत 1983 साली ती सर्रास वापरात आली. विंडोजमध्येही व्हिस्टापासून तशी सोय आहे, मात्र तेथे बहुधा व्यवस्थापकाचे अधिकार लागतात. प्रोग्रॅम जुन्या जागी जातो, पाटी वाचतो आणि मुकाट्याने कोठारातली फाइल उघडतो. आपण बदल केला की तो थेट कोठारात होतो.

अशा वीस-पंचवीस पाट्या प्रत्येक संगणकावर हाताने लावणे कंटाळवाणे, आणि कंटाळा आला की चूक ठरलेली. म्हणून हे काम स्क्रिप्टकडे द्यावे. चांगल्या स्क्रिप्टने काय करावे, ते ओळीने सांगतो.

पहिले, कोणती फाइल कोठे लागते याची यादी वाचावी. दुसरे, यादीतल्या प्रत्येक जागी काय आहे ते पाहावे. बरोबर पाटी आधीच असेल तर तिला हात लावू नये. तिसरे, तेथे खरी फाइल असेल तर ती पुसू नये. त्या दिवसाची तारीख घातलेल्या वेगळ्या फोल्डरात हलवून ठेवावी. चौथे, मग पाटी लावावी. पाचवे, काय केले आणि काय सोडले ते पडद्यावर लिहून दाखवावे.

यातली तिसरी पायरी कधीही गाळू नका. नव्या संगणकावर स्क्रिप्ट चालवताना तेथे आधीची एखादी कामाची फाइल असू शकते, आणि ती डोळ्यांदेखत नाहीशी झाली तर परत कोठून आणणार? दुसऱ्या पायरीचेही महत्त्व आहे. दाराला कडी लावलेली असली तर शहाणा माणूस ती पुन्हा लावत बसत नाही. तसे स्क्रिप्ट एकदा चालवले काय नि दहादा चालवले काय, परिणाम एकच व्हायला हवा. असे असले म्हणजे 'मागे चालवलं होतं की नाही?' हा प्रश्नच उरत नाही. शंका आली, पुन्हा चालवा!

एक सावधगिरी मात्र हवी. काही प्रोग्रॅम फाइल जतन करताना जुनी बाजूला सारून तिच्या जागी कोरी नवी ठेवतात. त्या झटापटीत पाटीच निघून जाते आणि तेथे पुन्हा सुटी फाइल येते. म्हणून संबंधित प्रोग्रॅम बंद करून मगच स्क्रिप्ट चालवावे, आणि मधून मधून ते पुन्हा चालवून पाट्या जागेवर आहेत ना, हे पाहावे.

तिन्ही संगणकांचा मेळ

हे झालं एका संगणकापुरतं. आता कोठार तिन्ही ठिकाणी सारखे कसे राहावे? येथे गिट नावाचा प्रोग्रॅम कामाला येतो. लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी तो 2005 साली लिहिला. जगभरच्या हजारो माणसांनी एकाच प्रणालीत केलेले बदल सांभाळायचे होते, त्यासाठी तो जन्मला. पण एका माणसाच्या तीन संगणकांनाही तो तितकाच उपयोगी पडतो.

गिट प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो: कोणती ओळ गेली, कोणती आली, केव्हा आणि कशासाठी. जणू फायलींचे रोजकीर्दच. काम सुरू करताना दुसरीकडचे बदल ओढून घ्यायचे. काम संपल्यावर आपला बदल दोन शब्दांच्या टिपणीसह नोंदवायचा आणि मध्यवर्ती प्रतीकडे धाडून द्यायचा. 'पत्त्यात अहिल्यानगर केले' एवढी टिपणी पुरे. सहा महिन्यांनी काही बिघडले, तर कोणत्या दिवशी काय बदलले होते ते उलगडून पाहता येते आणि मागे जाता येते.

संपूर्ण इतिहास प्रत्येक संगणकावर असतो, ही गिटची आणखी एक सोय. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूला, कळसूबाईच्या पायथ्याशी, मोबाइलची रेंज गेली तरी नोंद करता येते. रेंज आली की धाडता येते. मध्यवर्ती प्रत इंटरनेटवरच ठेवली पाहिजे असेही नाही. ती पेनड्राइव्हवर ठेवली तरी चालते. मात्र पेनड्राइव्ह हरवतोही, हे विसरू नये.

दोन संगणकांवर एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली असेल तर गिट थांबतो आणि दोन्ही पाठ तुमच्यापुढे ठेवतो. निवाडा तो करीत नाही, आणि तेच योग्य आहे. कोणता पाठ खरा, हे माणसानेच ठरवायचे.

साध्या अक्षरांच्या फायलींना हे सगळे लागू पडते. पत्राचा नमुना जर लिब्रेऑफिसच्या फायलीत असेल, तर गिट ती सांभाळील. पण कोणती ओळ बदलली हे दाखवू शकणार नाही, कारण ती फाइल आतून आवळून बांधलेली असते. म्हणून पत्ता, सही, नेहमीचे मजकूर यांची मूळ प्रत साध्या फायलीत ठेवलेली बरी.

सारखे काय आणि वेगळे काय

तिन्ही संगणक अगदी तंतोतंत सारखे करण्याचा हट्ट मात्र धरू नये. दुकानातला पडदा मोठा, लॅपटॉपचा लहान; तेव्हा अक्षरांचा आकार वेगळा लागणारच. छपाईयंत्र दुकानात आहे, घरी नाही. यावर तोड सोपी आहे. समाईक फायलीच्या शेवटी एक ओळ लिहावी: 'या संगणकापुरती वेगळी फाइल असेल तर तीही वाच.' पुष्कळ प्रोग्रॅमांत अशी सोय असते. वेगळी फाइल शेवटी वाचली जाते, म्हणून तिच्यातले म्हणणे वरचढ ठरते. घर एकच, पण ज्याची त्याची खुंटी निराळी, असा हा प्रकार.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही वापरणाऱ्यांना एक अडचण हमखास भेटते. जुन्या टेलिप्रिंटरवर ओळ संपली की दोन क्रिया होत: छापणारा भाग डावीकडे नेणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे. विंडोज आजही ओळीच्या शेवटी या दोन्ही खुणा लिहिते. लिनक्स दुसरी तेवढीच लिहिते. विंडोजमध्ये जतन केलेले स्क्रिप्ट लिनक्सवर नेले की ती जादा खूण आज्ञेला चिकटते आणि डोळ्यांना काहीच न दिसता स्क्रिप्ट अडते. गिटला आधीच सांगून ठेवले तर तो ही खूण नीट सांभाळतो.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली कळफलकाची. इनस्क्रिप्ट हा कळफलक 1991 च्या भारतीय मानकात आला आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. तेव्हा कळफलकाची निवड आणि आपण बसवलेल्या जादा कळा कोठारात ठेवाव्यात. नव्या यंत्रावर 'ऱ्या' किंवा 'ॲ' कोठे आहे, हे पुन्हा शोधावे लागत नाही.

दुसरी गोष्ट शब्दसंग्रहाची. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमला आपण जे शब्द शिकवतो तेही एका फायलीतच जातात. आपल्या चौदा तालुक्यांची नावेच घ्या. श्रीगोंदे की श्रीगोंदा, नेवासे की नेवासा? सरकारी कागदात एक रूप, बोलण्यात दुसरे, आणि दोन्ही लागतात. अशा शब्दांच्या तीन याद्या तीन संगणकांवर जमल्या असतील, तर एकीवर दुसरी टाकून पुसू नये. तिन्ही एकत्र कराव्यात, क्रम लावावा आणि दुबार शब्द काढावेत. हे स्क्रिप्टला क्षणात जमते. पण एक लक्षात ठेवा. एका यादीतून चुकीचा शब्द आपण काढला आणि दुसऱ्या यादीत तो शिल्लक असला, तर याद्या एकत्र करताना तो परत येतो. म्हणून पहिल्यांदा एकत्र करावे, मग डोळ्यांखालून घालावे, आणि त्यानंतर ती एकच यादी मूळ मानावी.

कोठारात काय ठेवू नये

आता सर्वांत महत्त्वाचे. कोठारात गुप्त शब्द ठेवू नयेत. बँकेचा पासवर्ड, जीएसटीच्या खात्याचा पासवर्ड, दुसऱ्या यंत्रात शिरण्याची खासगी किल्ली, यांतले काहीही नको. कित्येक सेटिंगच्या फायलींत असे शब्द नकळत लिहिलेले असतात, म्हणून प्रत्येक फाइल आत घेण्यापूर्वी वाचून पाहावी. कोठार इंटरनेटवर असेल तर ते सर्वांना खुले नाही ना, याची खात्री करावी.

आणि चुकून असा शब्द गेलाच तर? पुष्कळांना वाटते, फाइल पुसली की झालं. तसं नाही. गिट इतिहास राखतो; आज पुसलेली ओळ कालच्या नोंदीत वाचता येते. जो गुण आपल्या उपयोगाचा, तोच येथे घातक ठरतो. अशा वेळी पहिले काम एकच: तो पासवर्ड ताबडतोब बदलणे. कुलूपच बदलले म्हणजे हरवलेल्या किल्लीचे भय राहत नाही.

आरंभ कसा करावा?

एकाच दिवशी सगळे करायला जाऊ नका. ज्या एका फायलीवाचून तुमचे काम अडते ती आधी कोठारात आणा. पाटी लावा. आठवडाभर वापरा. मग दुसरी आणा. पाच-सहा फायली झाल्या म्हणजे स्क्रिप्ट लिहा, किंवा एखाद्या जाणत्या तरुणाकडून लिहून घ्या. पण त्यातली प्रत्येक ओळ काय करते ते त्याच्याकडून समजून घ्या. परीक्षा घ्यायची असेल तर आपल्याच संगणकावर नव्या नावाचे एक खाते उघडा आणि तेथे स्क्रिप्ट चालवून पाहा. त्या कोऱ्या खात्यात अर्ध्या तासात आपली नेहमीची घडी बसली, तर व्यवस्था पक्की समजावी. बसली नाही, तर काय राहिले ते तेथेच कळेल. आणि ते आज कळलेलं बरं.

कोठारात साध्या मराठीत लिहिलेली एक पानभर टिपणीही असू द्या: कोणती फाइल कशाची, स्क्रिप्ट कसे चालवायचे, नवे यंत्र आले तर पहिल्यांदा काय करायचे. उद्या दुकानात मुलगा बसेल, कचेरीत दुसरा कारकून येईल. आपल्या हाताची घडी त्याला आयती मिळेल, आणि काय कशासाठी केले होते हे विचारायला त्याला आपल्याकडे धावत यावे लागणार नाही.